खुबा नेमका कुठे असतो? (नवरात्रीआधी बडोदेकरांसाठी)

दांडियाबाजार_फिजिओ

भाद्रपद सरत आला की आमच्याकडे येणारी मंडळी बदलतात. एरवी गुडघे आणि मान घेऊन येणारी ज्येष्ठ माणसं असतात. आता गरब्याची तालीम सुरू केलेली तरुण मुलंमुली येतात आणि सगळी एकच सांगतात: कंबर धरली. कुठे दुखतं ते बोटाने दाखवा म्हटलं, की कुणाचा हात पाठीच्या खालच्या भागावर जातो, कुणाचा बाजूच्या टणक हाडावर, कुणाचा जांघेत. या तीन जागांची दुखणी निराळी आणि त्यांवरचे उपायही निराळे. चुकीच्या जागेचा उपाय केला की दुखणं वाढतं, हे दर वर्षी पाहते. म्हणून हा धागा.

आधी सांधा शोधू. पोटाच्या खाली दोन्ही बाजूंना हाडाचं एकेक टोक पुढे आलेलं असतं, पँटचा पट्टा जिथे टेकतो तिथे. ते चाचपा. मग ओटीपोटाच्या अगदी खाली, मध्यभागी हाड लागतं ते चाचपा. या दोन खुणांना जोडणारी तिरकी रेष म्हणजे जांघेची घडी. तिच्या मधोमध बोट दाबून धरलंत तर नाडी लागेल. ती मांडीत उतरणारी मोठी धमनी. तिच्या मागे, स्नायूंच्या थराखाली, खोलवर खुब्याचा गोळा बसलेला असतो. इतका आत आणि इतका पुढे! म्हणून खुद्द सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. माणूस ते दाखवताना अंगठा मागे आणि बोटं पुढे करून कमरेची बाजू मुठीत धरतो. बाजूला हाताला लागणारं टणक हाड हा मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा आहे. सांधा त्याच्या बराच आत असतो.

शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हटलेलं आठवत असेल. उखळ श्रोणीच्या, म्हणजे कमरेखालच्या कटीच्या, हाडात असते आणि ती तीन हाडं मिळून बनते. लहानपणी या तिन्हींच्या मध्ये कूर्चेची (मऊ, लवचिक हाडासारख्या भागाची) तीन फाट्यांची पट्टी असते. साधारण १४ ते १६ व्या वर्षापर्यंत ती हाडात बदलते आणि उखळ अखंड होते. उखळीचं तोंड बाहेर, खाली आणि थोडं पुढे असतं. त्यात बसणारा गोळा म्हणजे मांडीच्या हाडाचं डोकं, जवळजवळ दोन तृतीयांश गोल, मोठ्या माणसात साधारण साडेचार ते पाच सेंटिमीटर व्यासाचं. उखळीच्या काठावर तंतुमय कूर्चेची एक कड असते. ती उखळ आणखी खोल करते आणि आतलं वंगण बाहेर निसटू देत नाही, त्यामुळे गोळा जागच्या जागी ओढून धरल्यासारखा राहतो.

आता जे फारसं कुणी सांगत नाही ते. गोळा आणि मांडीचं सरळ हाड यांच्यामध्ये एक मान असते आणि ती दोन दिशांनी कललेली असते. एक कल वरखाली: जन्मतः सुमारे १५० अंश, चालता-धावता कमी होत मोठेपणी १२५ च्या आसपास. दुसरा पुढच्या बाजूला: जन्मतः ३० ते ४० अंश, मोठेपणी १० ते १५. हा दुसरा कल प्रत्येकाचा वेगळा असतो, कधी एकाच माणसाच्या दोन पायांतही वेगळा. मांडी घालून बसल्यावर तुमचे गुडघे जमिनीला टेकतात की वरच राहतात, यात या कलाचा वाटा फार मोठा आहे. पुष्कळ जण वर्षानुवर्षं 'माझं अंग आखडलेलं आहे' म्हणून स्वतःला दोष देतात. त्यांतल्या कितीतरी जणांच्या हाडाची घडणच तशी असते, आणि ताणून ती बदलत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे: आधी आपला खुबा कसा आहे ते ओळखा, मग त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते ठरवा.

सांध्याला बांधून ठेवणारे तीन मुख्य अस्थिबंध आहेत. पुढचा सर्वांत जाड, उलट्या वाय अक्षरासारखा दुभंगलेला, शरीरातला सर्वांत मजबूत अस्थिबंध. पाय मागे गेला की तिन्ही आवळले जातात. आपण ताठ उभे राहतो तेव्हा शरीराचा भार खुब्याच्या किंचित मागून जातो आणि हा पुढचा अस्थिबंधच आपल्याला मागे कलंडू देत नाही. म्हणून नुसतं उभं राहायला खुब्याच्या स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. खाली बसलो, मांडी वाकली, की हेच बंध सैल होतात आणि सांधा फिरायला मोकळा होतो.

हालचालींचे आकडे देते, पण ते सरासरीचे आहेत. गुडघा दुमडून मांडी पोटाकडे आणली तर साधारण १२० अंश. गुडघा सरळ ठेवून पाय उचलला तर ८० ते ९०, कारण मांडीच्या मागचे स्नायू अडवतात. बाजूला ४५. दुसऱ्या पायाला ओलांडून आत २० ते ३०. मांडी बाहेर फिरवायला ४५, आत फिरवायला ३० ते ४०. मागे मात्र जेमतेम १५ ते २०. गरब्यात पाय मागे उंच गेलेला दिसतो तेव्हा त्यातला मोठा भाग कमरेच्या मणक्यांनी दिलेला असतो. रात्री उशिरा घरी परतल्यावर पाठ ओरडते ती त्यामुळे.

गरब्याची आणखी एक गोष्ट. बे ताळी (दोन टाळ्यांचा) असो की त्रण ताळी (तीन टाळ्यांचा), वर्तुळाचा मध्य डाव्या हाताला ठेवून फिरत असाल, तर टाळीसाठी अंग पुन्हापुन्हा डावीकडे वळतं. त्या क्षणी डावा पाय जमिनीत रोवलेला असेल, तर मांडीचं हाड स्थिर राहतं आणि श्रोणी त्याच्यावर फिरते. म्हणजे डाव्या खुब्यात मांडी आत फिरवल्याचीच हालचाल होते. खुब्याची झीज सुरू झाली की सर्वांत आधी आटते ती नेमकी हीच हालचाल. कुणाला गरब्यात फक्त डाव्या जांघेत कळ येत असेल, तर कारण इथे शोधावं.

घरी पाहायचं असेल तर पलंगाच्या कडेवर पाय लोंबकळत ठेवून बसा. गुडघा जागचा हलवू नका आणि पाऊल बाहेरच्या बाजूला न्या: मांडी आत फिरली. पाऊल आत आणा: मांडी बाहेर फिरली. दोन्ही पाय ताडून पाहा. एका बाजूचं पाऊल दुसऱ्यापेक्षा बरंच कमी बाहेर जातंय आणि जांघेत टोचतंय, तर नवरात्रीआधी दाखवून घ्या.

मांडवीची_सून

ताई, छान समजलं. आमच्या सासूबाईंना बाजूच्या त्या टणक हाडावर दुखतं. त्या कुशीवर झोपूच शकत नाहीत. जिना चढतानाही हात लावून चढतात. शेजारच्या काकूंनी सांगितलं, पाय दुसऱ्या पायावरून ओढून ताण द्या. रोज देतात, तरी कमी नाही. हा खुब्याचा संधिवात का?

दांडियाबाजार_फिजिओ

तपासल्याशिवाय ठाम सांगणार नाही. पण कुशीवर झोपता न येणं, बोट ठेवून दाखवता येणारी जागा आणि जिन्यावर दुखणं, हे सांध्यापेक्षा बाजूच्या स्नायूंच्या कंडरांकडे (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांकडे) बोट दाखवतं. नितंबाचे दोन स्नायू, मधला आणि सर्वांत लहान, त्याच उंचवट्यावर येऊन चिकटतात. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बायकांमध्ये हे दुखणं खूप दिसतं.

आणि तो ताण आजपासून बंद करा. पाय आत ओढला की कंडरा त्या हाडावर दाबली जाते. जी आधीच दुखावली आहे तिलाच चिमटा बसतो. त्याऐवजी: खुर्चीत पायावर पाय टाकून बसायचं नाही, ओट्यापाशी एका पायावर भार देऊन कंबर बाजूला काढून उभं राहायचं नाही, झोपताना दुखरी बाजू वर ठेवून गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्यायची. मग हळूहळू ताकद वाढवायची. सुरुवात म्हणून भिंतीशेजारी उभं राहून दुखऱ्या पायाची बाहेरची बाजू भिंतीवर दाबून धरायची, पाय न हलवता. नुसत्या आरामाने हे जात नाही, त्या स्नायूला काम द्यावं लागतं.

घुंगरू

मी भरतनाट्यम शिकवते. बडोद्याचं या नृत्याशी जुनं नातं आहे. १८८० साली तंजावरची राजकन्या सयाजीराव महाराजांची राणी होऊन आली, चिमणाबाई झाली, आणि तिच्याबरोबर तंजावरचे नर्तक-वादक इथे दरबारात आले. आज विद्यापीठातही हे नृत्य शिकवलं जातं. त्यामुळे माझा प्रश्न इथे अगदी आपल्या गावचा आहे असं मी मानते.

अर्धमंडीत दोन्ही पावलं बाहेर वळवून, गुडघे बाजूला काढून बसावं लागतं. काही मुलींना ते पहिल्या महिन्यात येतं. काही चार-पाच वर्षं मेहनत करतात तरी गुडघे पुढेच येतात, आणि मग गुडघे दुखायला लागतात. मी त्यांना 'अजून बस, अजून उघड' म्हणत आले. तुमचा मानेच्या कलाचा मुद्दा वाचून थांबले. हे आधी कळू शकतं का?

दांडियाबाजार_फिजिओ

घुंगरूताई, कळू शकतं. मुलीला पालथं झोपवा, गुडघा काटकोनात दुमडा. आता पाऊल बाहेर पडू द्या: मांडी किती आत फिरते ते दिसेल. मग पाऊल आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे जाऊ द्या: मांडी बाहेर किती फिरते ते दिसेल. जिची मांडी आत ७० अंश फिरते आणि बाहेर जेमतेम २०, तिच्या हाडाची मान बहुधा जास्त पुढे वळलेली आहे. लहानपणी अशीच मुलं पाय दोन्ही बाजूंना मागे टाकून फतकल मारतात. उलट घडणीच्या मुलीला अर्धमंडी जन्मतः सोपी जाते.

पहिल्या मुलीला पावलं पूर्ण बाहेर ठेवायला लावली तर खुबा देणार नाही ते अंतर गुडघा आणि घोटा भरून काढतात. गुडघा पीळ सोसण्यासाठी बनलेला नाही. म्हणून पावलं तिथेच ठेवा जिथवर खुबा फिरतो: गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. खोल बसण्याआधी मांडी बाहेर फिरवणाऱ्या आतल्या सहा छोट्या स्नायूंची ताकद वाढवा. ते नितंबाच्या मोठ्या स्नायूखाली दडलेले असतात. नाचताना पाऊल नेमकं ठेवायला त्यांचीच मदत होते.

अर्धमंडीची रेषा थोडी कमी उघडी दिसेल. पण ती मुलगी चाळिशीत नाचत असेल.

लेझीम

माझं थोडं वेगळं मत आहे. मी व्यायामशाळेत वाढलेला माणूस. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि माणिकरावांची परंपरा असलेलं हे गाव आहे. मल्लखांबावर आम्ही लहानपणापासून पाय फाकवले, उस्तादांनी वरून दाब दिला, आणि अंग खुललं. 'हाड असंच आहे' म्हटलं की पोरं मेहनत सोडतात. आजकाल दहा वर्षांच्या मुलाला उकिडवं बसता येत नाही. ते काय हाडामुळे?

दांडियाबाजार_फिजिओ

लेझीमकाका, उकिडव्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. दहा वर्षांच्या मुलाला बसता येत नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच की तो बसतच नाही. शाळेत बाक, घरी सोफा, शौचालय कमोडचं. पोटरी आणि घोटा आखडतो आणि मूल मागे पडतं. तिथे मेहनतच हवी. जमिनीवर बसणं-उठणं मी प्रत्येकाला सांगते, ज्येष्ठांनाही. खुब्याची पूर्ण वाकण्याची, फाकण्याची आणि बाहेर फिरण्याची हालचाल दिवसातून इतक्या वेळा सहज करून घेणारी दुसरी सवय मला माहीत नाही.

फरक एवढाच करा. ताणताना अडथळा दोन प्रकारचा असतो. एक मऊ: मांडीच्या आतून किंवा मागून ओढ जाणवते, श्वास सोडला की थोडी सैल होते. तो स्नायू आहे, तो मेहनतीला दाद देतो. दुसरा कडक: एका ठिकाणी अचानक थांबतं आणि पुढे जांघेत टोचतं. तिथे हाडाला हाड किंवा मधली कड अडलेली असते. काही जणांच्या गोळ्याला मानेपाशी जी खोलगट वळण हवी ती नसते, तिथे उंचवटा असतो. मांडी वाकवून आत फिरवली की तो उंचवटा उखळीच्या काठावर आदळतो. बर्नचे सर्जन राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे सविस्तर मांडलं आणि तरुणपणी होणाऱ्या झिजेशी जोडून दाखवलं. अशा खुब्यावर वरून दाब दिला तर ती कड फाटू शकते.

उस्तादांचा हात अनुभवी असतो, मुलाच्या चेहऱ्यावरून त्यांना कळतं. तो हात नसताना पोरं मोबाइलवरचे व्हिडिओ बघून एकमेकांच्या पाठीवर बसतात. मला भीती त्यांची आहे.

लेझीम

मऊ आणि कडक, हे पटलं. आमचे उस्ताद 'ओढ चालेल, टोच चालणार नाही' असंच म्हणायचे. पोरांना हेच सांगतो.

तिसरं_वर्ष

मी वैद्यकीय तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या अस्थिरोग विभागात पोस्टिंग आहे, त्यामुळे भर घालते.

एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर नुसतं शरीराचं वजन येत नाही. शरीराचा भार सांध्यापासून जितका आत असतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर बाहेरून नितंबाचा मधला स्नायू ओढत असतो. तोल राखायचा तर त्याला भाराच्या दुपटीहून जास्त जोर लावावा लागतो, आणि दोन्ही जोर सांध्यावर एकत्र येतात. बर्लिनमध्ये गेओर्ग बर्गमान यांनी कृत्रिम खुब्यातच मोजमापाची यंत्रणा बसवून हे मोजलं. साध्या चालण्यात शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिन्यावर त्याहून किंचित जास्त.

हा मधला स्नायू दुबळा असेल तर त्या पायावर उभं राहताना दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते. जर्मन सर्जन ट्रेंडेलनबुर्ग यांनी १८९५ मध्ये ही खूण सांगितली. आरशासमोर सहज पाहता येते.

काठीचंही इथेच कळतं. वॉर्डात पुष्कळ आजी-आजोबा दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात. ती दुसऱ्या हातात धरायची. तिथून ती लांबच्या अंतरावरून आधार देते, त्यामुळे थोडासा दाबही स्नायूचं बरंच काम वाचवतो आणि सांध्यावरचा भार उतरतो.

जुना_वाडा

आयुष्यमान भव बेटा. काठी आजच हात बदलून पाहिली आणि फरक जाणवला.

माझा उजवा खुबा बदलून दोन वर्षं होतील. दुखणं पार गेलं, देवाची कृपा. पण घरी दीड दिवसाचा गणपती असतो, गुरुजी पाटावर बसायला सांगतात, आणि मुलगा बसू देत नाही. आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीला खाली बसायला मनाई केली होती. ती कायमची का? कृत्रिम सांधा म्हणजे नक्की काय असतं, तेही कुणी नीट सांगितलं नाही.

दांडियाबाजार_फिजिओ

आजोबा, नमस्कार. आधी सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा आणि मान काढतात, हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात, त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा. उखळ खरवडून तिच्यात नवी वाटी बसवतात, आतून बहुधा पॉलिथिलीनची. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये या पॉलिथिलीनची वाटी वापरायला सुरुवात केली आणि ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने टिकाऊ झाली. त्याआधी त्यांनी टेफ्लॉन वापरलं होतं, ते काही वर्षांतच झिजलं. घर्षण कमी राहावं म्हणून त्यांनी गोळा मुद्दाम लहान ठेवला, जेमतेम २२ मिलिमीटरचा. आता सहसा ३२ किंवा ३६ चे वापरतात. मोठा गोळा निसटायला जास्त अंतर लागतं, म्हणून तो अधिक स्थिर.

मनाई कशासाठी? मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर मांडी काटकोनापेक्षा जास्त वाकली, आत आली आणि आत फिरली, या तिन्ही गोष्टी एकदम झाल्या, की गोळा मागे निसटू शकतो. मांडी घालून बसण्यात पाय बाहेर फिरलेला असतो, त्यामुळे बसलेली स्थिती तितकी घातक नसते. धोका खाली जाताना आणि विशेषतः उठताना असतो, तोल जाऊन गुडघा आत पडला तर. पुढून शस्त्रक्रिया झाली असेल तर सावधगिरी उलट्या दिशेची. म्हणून उत्तर तुमच्या सर्जननेच द्यायला हवं. त्यांना नेमकं विचारा: कुठल्या बाजूने उघडलं, गोळा किती मोठा, पाटावर बसू का.

तोवर पाटाऐवजी उंच स्टुलावर बसून पूजा करा आणि मूर्ती उंच टेबलावर मांडा. गुरुजी समजून घेतील. घरातला झोपाळा खूप खाली असेल तर तोही टाळा, किंवा जाड गादी टाकून उंच करा.

नवी_आई

इथे विचारू का? बाळ दीड महिन्याचं आहे. आजी त्याला अंघोळीनंतर पाय सरळ करून घट्ट गुंडाळते, म्हणते पाय वाकडे राहत नाहीत. डॉक्टर नको म्हणतात. घरात रोज वाद.

दांडियाबाजार_फिजिओ

विचारा ना, याच वयात विचारायला हवं. बाळाची उखळ उथळ असते आणि गोळा कूर्चेचा असतो. पाय वाकलेले आणि फाकलेले राहिले तर गोळा उखळीच्या मधोमध दाबला जातो आणि उखळ त्याच्याभोवती खोल घडते. पाय सरळ, जोडून बांधले तर गोळा बाहेरच्या काठाकडे सरकतो आणि उखळ उथळच राहण्याचा धोका वाढतो. आजींना सांगा, हात-छाती गुंडाळा, कमरेखाली मोकळं ठेवा. आणि त्यांच्याच पिढीची दुसरी सवय फार चांगली आहे हेही सांगा: बाळ मान धरू लागलं की कडेवर घेणं. पाय दोन्ही बाजूंना, खुबे वाकलेले, फाकलेले, अगदी हवे तसे.

मुलगी असेल, पायाळू असेल किंवा घरात कुणाला लहानपणी खुब्याचा त्रास झाला असेल, तर आताच सोनोग्राफी करून घ्या. चार-सहा महिन्यांआधी गोळ्यात हाड फारसं नसल्याने एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही. वेळेत कळलं तर पट्ट्यांच्या साध्या उपचाराने बरं होतं. चालायला लागल्यावर लंगडताना लक्षात आलं तर बहुधा शस्त्रक्रिया लागते.

तिसरं_वर्ष

ताईंच्या मुद्द्यात रक्तपुरवठ्याचं राहिलं. गोळ्याला जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या मानेला चिकटून वर चढतात. म्हाताऱ्या माणसांच्या मांडीच्या हाडाची ही मान बाथरूममध्ये पडून मोडते तेव्हा त्या वाहिन्याही तुटतात, म्हणून पुष्कळदा नुसतं जोडून भागत नाही, गोळा बदलावा लागतो. न पडताही रक्तपुरवठा बंद पडून गोळा मरू शकतो. बराच काळ किंवा मोठ्या मात्रेत स्टेरॉइड, अतिमद्यपान, आणि सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) ही मोठी कारणं. आपल्याकडे छोटा उदेपूर, नर्मदा भागातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल बराच आहे, त्यामुळे तिथल्या तरुण मुलाला जांघेत दुखत असेल तर हे मनात ठेवावंच लागतं. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो, एमआरआयमध्ये कळतं. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या काही जणांनाही नंतर हा त्रास झाला. शरीर कमावण्यासाठी जिममध्ये कुणी इंजेक्शनं देत असेल तर कृपा करून घेऊ नका.

हरणी_रोड

माझा नातू १२ वर्षांचा, अंगाने भरलेला. तीन आठवडे झाले, डावा गुडघा दुखतो म्हणतो. थोडा लंगडतो. एका ठिकाणी गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला, आणि वाढीचं दुखणं म्हणून मलम दिलं. चालताना त्याचं डावं पाऊल आपोआप बाहेर वळतं. हा धागा वाचून वाटलं विचारावं. गरब्याचे पास काढलेत त्याने, नाचू द्यावं का?

दांडियाबाजार_फिजिओ

काका, गरबा नाही, शाळा नाही, चालणंही नाही. आज, उद्या नव्हे, त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या, व्हीलचेअरवर. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढायला सांगा, समोरून आणि बेडकासारखे पाय फाकवून बाजूनेही. नुसत्या समोरच्यात सुटू शकतं.

कारण सांगते. या वयात गोळा आणि मान यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते. भरभर वाढणाऱ्या, वजनदार मुलांत कधी गोळा मानेवरून हळूहळू घसरतो. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना देणारी नस एकच असल्यामुळे मूल गुडघा दाखवतं. मांडी वाकवायला सांगा, ती सरळ वर न येता बाहेर वळत येत असेल तर शंका पक्की समजा. हे नक्की तेच आहे असं मी इथून म्हणत नाही. पण असेल तर एका चुकीच्या उडीने पूर्ण घसरू शकतं आणि गोळ्याचं रक्त बंद पडू शकतं.

तिसरं_वर्ष

+१. काका, रात्र झाली तरी इमर्जन्सीत न्या. थांबू नका.

हरणी_रोड

सगळ्यांना कळवतो. त्याच संध्याकाळी नेलं. मांडी वाकवली तर बाहेरच वळत होती. एक्स-रेमध्ये डाव्या बाजूला गोळा घसरलेला दिसला, डॉक्टर म्हणाले सौम्य आहे, वेळेत आणलंत. सकाळी एक स्क्रू घालून तो आहे तिथेच पक्का केला. आता कुबड्यांवर चालेल. नातू विचारतो, पुढच्या वर्षी नाचता येईल ना? आणि उजव्या पायाचं काय?

दांडियाबाजार_फिजिओ

फार बरं वाटलं काका. पुढच्या वर्षीचं सर्जन ठरवतील, पण सौम्य घसरणीत स्क्रूनंतर मुलं सहसा चांगली खेळती होतात. कूर्चा बंद होईपर्यंत उड्या मात्र त्यांना विचारूनच. कुबड्या कधी सोडायच्या तेही तेच सांगतील, स्वतःहून सोडू देऊ नका.

उजव्या पायाचा प्रश्न अगदी योग्य आहे. काही मुलांत दुसरी बाजूही पुढच्या दीड-दोन वर्षांत घसरते. त्यामुळे उजवी जांघ, मांडी किंवा गुडघा, कुठेही दुखलं तरी त्याच दिवशी दाखवायचं. ठरलेल्या तारखांना दोन्ही खुब्यांचे एक्स-रे चुकवू नका. थायरॉइडची तपासणी करायची का, हे त्यांना विचारून घ्या. काही मुलांत मूळ तिथे सापडतं. वजन कमी करायचं ते आहारातून. कुबड्यांवर असताना पोहायला जायचं का, तेही जखम भरल्यावर त्यांनाच विचारा.